खाट आणि खुर्ची : मनाच्या उपचाराचे पैसे कोणी भरायचे?

बडोद्याचं नाव काढलं की मराठी वाचकाला काय आठवतं ते ठरलेलं आहे. महाराजा सयाजीराव, सक्तीचं मोफत शिक्षण, गावोगावची वाचनालयं, १९१३ साली बाबासाहेब आंबेडकरांना मिळालेली शिष्यवृत्ती. २०१८ साली ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, तेव्हाही भाषणांतून हीच यादी पुन्हापुन्हा ऐकू आली. ही यादी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण आज बडोद्याच्या निमित्ताने मला एका वेगळ्या गोष्टीचा इतिहास सांगायचा आहे. माणसाचं मन आजारी पडलं तर त्याच्या उपचाराचे पैसे आजवर कोणी भरले, कशासाठी भरले आणि कशासाठी भरायचं नाकारलं, हा तो इतिहास.

विषय रुक्ष वाटेल. पण मी पडलो सरकारी खात्यातला यूडीसी. बी.ए.ला इतिहास घेतला होता, आणि नंतरचं आयुष्य दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेलं. त्यामुळे इतिहास वाचताना माझी नजर आधी खर्चाच्या रकान्याकडे जाते. राजाने काय केलं याच्याइतकंच, ते कुठल्या शीर्षाखाली खर्ची टाकलं हेही मला महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात खुद्द महाराजांपासूनच करू. सयाजीरावांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा. १८७५ साली हा शेतकरी घरातला मुलगा दत्तक जाऊन एकदम बडोद्याच्या गादीवर बसला आणि १८८१ साली राज्यकारभार त्याच्या हाती आला. १८८५ साली पहिल्या राणीसाहेब चिमणाबाई वारल्या. याच सुमारास महाराजांना झोप लागेनाशी झाली, थकवा येऊ लागला. त्या काळच्या डॉक्टरांच्या भाषेत हा मज्जातंतूंचा विकार. हवापालट आणि विश्रांती हाच त्यावरचा उपाय समजला जाई. १८८७ साली महाराज पहिल्यांदा युरोपला गेले ते प्रकृतीच्या कारणाने. पुढे आयुष्यभर त्यांच्या अशा वाऱ्या होत राहिल्या. इंग्रज सरकारला ते खुपत असे. १९०० साली लॉर्ड कर्झनने संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना आळा घालणारं परिपत्रक काढलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सयाजीरावही होते, असं मानलं जातं.

या माणसाने वैयक्तिक दुःख पुष्कळ सोसलं. तीन मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. १९०८, १९१९ आणि १९२३ अशी ती सालं. तेव्हा महाराजांनी उपचारासाठी परदेशी जाऊन चैन केली असं मला मुळीच म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच की, मनाला आराम पडावा म्हणून पैसा खर्च करावा लागतो हे राजवाड्याला १८८७ सालीच कळलेलं होतं आणि तो खर्च करायची ऐपतही होती. त्याच साली मांडवीच्या गल्लीत कुणा कारकुनाची झोप उडाली असेल, त्याने काय केलं असेल?

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. पहिली वाट देवाधर्माची. बडोदा संस्थानच्या उत्तरेकडच्या मुलखात, आजच्या मेहसाणा जिल्ह्यात, उनावा गावी मीरा दातारांचा दर्गा आहे. मनाने बिघडलेल्या माणसाला तिथे नेण्याची प्रथा फार जुनी, आणि त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. आपल्याकडे जसा घाडी, कौल, देवचाराला नारळ, नाही तर पाद्रीकडून प्रार्थना, तसंच ते. ही वाट स्वस्त होती म्हणून लोक तिकडे जात असं आपण सहज म्हणून टाकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. तिथे कुणीतरी माणसाचं ऐकून घेत असे. घाडी आधी विचारतो, घरात काय झालं, कुणाशी भांडण झालं, कधीपासून झोप नाही. औषध काय द्यायचं ते नंतर.

दुसरी वाट सरकारची, आणि ती जात असे ‘वेड्यांच्या इस्पितळा’कडे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ साली यासाठी कायदा झाला, पुढे १९१२ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कायदे म्हटले तर उपचाराचे, पण वाचताना ते कोठडीचे वाटतात. मॅजिस्ट्रेटचा हुकूम, पोलिसांचा अहवाल, डॉक्टरचा दाखला आणि मग दाखल. पैशाचं कलमही त्यात होतं. वेड्याची मिळकत असेल तर तिच्यातून पोसण्याचा खर्च वसूल करायचा, नाहीतर ज्याच्यावर त्याला पोसण्याची कायद्याने जबाबदारी आहे त्याच्याकडून, आणि दोन्ही नसेल तर सरकारी तिजोरीतून. आसपास अशी इस्पितळं उभी राहत होती. अहमदाबादचं १८६३ चं, नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. बडोद्यातलं गायकवाडी राजवटीतलं. ते कारेलीबागेत आजही आहे. गुजरात राज्याची अशी चार सरकारी मनोरुग्णालयं आहेत, त्यांतलं हे एक. बाकीची अहमदाबाद, जामनगर आणि भूजला.

आता इथे खर्चाचा रकाना नीट बघावा. सरकारने पैसे दिले, नाही असं नाही. पण ते कशाचे दिले? खाटेचे. भिंतीचे, जेवणाचे, पहाऱ्याचे. माणूस खाटेवर येऊन पडला की त्याचा खर्च सरकारी झाला. तो घरी आहे, नोकरीवर जातोय, पण रात्र रात्र जागतोय, जगावंसं वाटत नाही म्हणतोय, अशा माणसासाठी त्या हिशेबात एक पैही नव्हती. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा मोठा आढावा घेतला. मनोरुग्णांच्या सोयींची मोजणीसुद्धा तिने खाटांमध्येच केली. सबंध हिंदुस्थानात त्या जेमतेम १० हजार निघाल्या.

खाटेऐवजी खुर्ची वापरणारा माणूस आपल्याच गोव्याचा होता, हे गोव्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियांचा पुतळा आहे. हात पुढे केलेला पाद्री आणि त्याच्यासमोर मागे कलणारी बाई. मूर्तिकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसला पोचला आणि १८१३ पासून तिथे जाहीर प्रयोग करू लागला. माणसाला आरामखुर्चीत बसवायचं, शांत करायचं आणि शब्दांनी झोपवायचं. त्याच्या आधी मेस्मर सांगत असे की, माझ्या अंगातून चुंबकासारखी शक्ती वाहते. फारिया म्हणाले, शक्तीबिक्ती काही नाही, जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात घडतं. १८१९ साली, ज्या वर्षी त्यांचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, ते पॅरिसमध्ये वारले. पुढे नान्सी शहरातल्या डॉक्टरांनी हीच सूचनेची वाट धरली आणि १८८९ साली ती बघायला व्हिएन्नाहून एक तरुण डॉक्टर नान्सीला गेला. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड.

म्हणजे बोलून मन बरं करण्याच्या विद्येच्या मुळाशी एक कांदोळकर आहे. पण पैशाच्या बाबतीत ही खुर्ची पहिल्यापासून महाग. मेस्मरच्या शिष्यमंडळाची सभासद-वर्गणी १०० लुई होती, म्हणजे फक्त सरदार-सावकारांना परवडेल अशी. फारियांच्या प्रयोगांनाही पैसे मोजूनच आत जावं लागे. फ्रॉइडने तर १९१३ साली फीवरही लिहिलं. पैशाबद्दल डॉक्टरने संकोच करू नये आणि फुकट उपचाराने रोग्याचं भलं होतंच असं नाही, असं त्याचं तेव्हाचं मत. पण १९१८ साली, महायुद्ध संपत आलेलं असताना, बुडापेस्टच्या परिषदेत तोच फ्रॉइड वेगळं बोलला. गरिबाला शस्त्रक्रियेचा जितका हक्क आहे तितकाच मनाच्या उपचाराचाही आहे, आणि कधीतरी सरकारला हे मोफत करावं लागेल, असा त्याचा सूर होता. त्याच्या अनुयायांनी ते मनावर घेतलं. १९२० साली बर्लिनमध्ये आणि १९२२ साली व्हिएन्नात असे दवाखाने निघाले, जिथे माणूस परवडेल तितके पैसे देई, नसतील तर देत नसे. पुढे हिटलर आला आणि ते सगळं मोडलं.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर काय झालं? १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. तिथे मानसशास्त्र हा विषय शिक्षणशास्त्राच्या जोडीने ठेवला आहे, विद्याशाखेच्या नावातच दोन्ही आहेत. मला यात एक सयाजीरावी शहाणपण दिसतं. मनाचा विचार शाळेतल्या मुलापासून सुरू होतो, इस्पितळातल्या रोग्यापासून नव्हे. पण सरकारी पैसा मात्र इस्पितळाच्याच वाटेने वाहत राहिला. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. त्याला जिल्ह्यापर्यंत पोचायला १९९६ साल उजाडलं. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या प्रयोगावरून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम बेतला गेला. त्यात मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी मंडळी असावीत असं ठरलं. प्रथमच खुर्चीला सरकारी कागदावर जागा मिळाली. जागा मंजूर होणं आणि ती भरली जाणं यात किती अंतर असतं ते आस्थापना विभागात बसलेल्या कुणालाही विचारा.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण आपल्यातले शिकलेले लोकही यात गोंधळतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर. तो औषध लिहून देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ म्हणजे सायकॉलॉजिस्ट, तो बोलण्यातून, चाचण्यांतून, सवयी बदलण्यातून उपचार करतो, औषध लिहून देत नाही. त्यातल्या ‘क्लिनिकल’ मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे व्हावी लागते. या परिषदेचा कायदा १९९२ सालचा. समुपदेशक म्हणजे कौन्सेलर, हे नाव मात्र कुणीही पाटीवर लावू शकतो असा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पैसे देण्याआधी नोंदणी क्रमांक विचारणं हा उद्धटपणा नव्हे.

हा फरक माझ्या घरी कसा येऊन आदळला ते सांगतो. माझी सख्खी मावशी लग्न होऊन बडोद्याला गेली ती तिथलीच झाली. दांडियाबाजारातलं जुनं घर, घरात मराठी, दारात गुजराती. तिच्या मुलाचा मुलगा, म्हणजे नात्याने माझा पुतण्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजला जायचा बंद झाला. दिवसभर खोलीत पडून. दादाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, आधी रागावून पाहिलं, मग देव केले. शेवटी एका ओळखीच्या बाईंनी खाजगी मानसशास्त्रज्ञाचं नाव दिलं. आठवड्याला एक बैठक, एका बैठकीचे १२०० रुपये. पोरगं तिथे बोलू लागलं. पाचव्या बैठकीनंतर ते आपणहून जेवायला बाहेर आलं, असं मावशी फोनवर सांगताना रडली.

पण महिन्याला पाच हजार म्हणजे दादाच्या पगारात मोठं भगदाड. काका, म्हणजे मावशीचे यजमान, निवृत्त बँक कर्मचारी, रोजचा हिशेब वहीत लिहिणारे. ते मला म्हणाले, “अरे, इंजेक्शन नाही, गोळी नाही, नुसतं बोलायचे एवढे पैसे? आणि इन्शुरन्सवाले म्हणतात, ॲडमिट झाला का? नाही ना, मग क्लेम नाही.” सहाव्या बैठकीला मुलगा गेला नाही. त्याने स्वतःच सांगितलं की बरं वाटतंय. त्याने काकांची वही पाहिली होती, हे नंतर कळलं.

कारेलीबागेतल्या सरकारी इस्पितळात बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे मानसशास्त्रज्ञही असतात, हे मी सुचवलं. वहिनी एकदम म्हणाली, “भाऊजी, तिथे नाही हं. उद्या त्याचं लग्न व्हायचंय.” तिला दोष देण्यात अर्थ नाही. पिढ्यानपिढ्या आपण ज्या इमारतीला ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून मुलांना भीती घातली, तिच्या दारात मुलाला नेऊन उभं करायला आईचा पाय कसा उचलणार? सरकारी उपचार स्वस्त असतो, पण त्याची एक किंमत अशी नावात दडलेली असते आणि ती कुठल्याच बिलात दिसत नाही. शेवटी तोडगा निघाला तो एका सर्वसाधारण सरकारी इस्पितळाचा. तिथे सगळ्या रोगांची गर्दी, कोण कशासाठी आलंय ते कुणाला कळत नाही. केसपेपर नाममात्र पैशांत. डॉक्टरांनी तपासलं, काही महिने औषध दिलं, आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञाकडे महिन्यातून एकदा पाठवलं. आठवड्याच्या जागी महिना, तासाच्या जागी वीस मिनिटं. पण धागा तुटला नाही. मुलाचं एक वर्ष गेलं, परीक्षा मात्र तो पुन्हा देऊ लागला.

या खटाटोपात मी जे कायदे-नियम वाचले ते इथे थोडक्यात देतो, कुणाच्या तरी कामी येतील.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या १८ व्या कलमाने सरकारी किंवा सरकारी मदतीने चालणाऱ्या सेवेतून परवडेल असा मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. दारिद्र्यरेषेखालच्यांना, मग त्यांच्याकडे कार्ड असो वा नसो, आणि बेघरांना तो मोफत. जिल्ह्यात सरकारी सोयच नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असंही त्यात आहे. या तरतुदीखाली अर्ज करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण तरतूद आहे आणि ती माहीत असावी.

२१ व्या कलमाने विमा कंपन्यांना बजावलं की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला हवा. विमा नियामक प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी तसं परिपत्रक काढलं. कंपन्या तरीही टाळाटाळ करत राहिल्या. २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका विमेदाराच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२२ साली प्राधिकरणाने ३१ ऑक्टोबरची मुदत घालून सगळ्यांना पुन्हा तंबी दिली. आता मनोविकारासाठी इस्पितळात दाखल झाल्यास विमा नाकारता येत नाही. पण काकांचा प्रश्न तसाच आहे. बहुतेक पॉलिसी दाखल झालेल्याच रोग्याच्या असतात, बाह्यरुग्ण खर्चाचं वेगळं कलम घेतलं नसेल तर समुपदेशनाची फी त्यात बसत नाही. आयुष्मान भारत योजनेचंही तेच. गुजरातने २०२३ साली तिची मर्यादा कुटुंबामागे १० लाखांवर नेली, पण ती दाखल रुग्णासाठी. २०१६ साली सुरू झालेल्या आपल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं स्वरूपही मुख्यतः इस्पितळातल्या उपचारांचंच. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख. आकडे मोठे, पण ते खाटेवर पडल्याशिवाय हलत नाहीत. १८५८ च्या कायद्यापासून आजच्या पॉलिसीपर्यंत खर्चाचं शीर्ष बदललेलंच नाही. खाटेला अनुदान आहे, खुर्चीला नाही.

सरकारी नोकरांच्या वैद्यकीय बिलांतही हेच दिसतं. एका कार्यालयात एका सहकाऱ्याने मुलीच्या समुपदेशनाचं बिल जोडलं होतं. ते परत आलं, शेरा असा की औषधाची पावती जोडावी. औषध दिलेलंच नव्हतं, तर पावती कुठली? बोलणं हा उपचार आहे हे त्या छापील नमुन्याला ठाऊकच नव्हतं.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात गुजरात होतं, गोवा नव्हता. निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलाच नाही असं दिसलं. आणि ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांच्या घरचा महिन्याचा खर्च हजार-दीड हजारांच्या घरात, तोही मुख्यतः उपचार आणि प्रवास यांवर. एसटीचं भाडंही उपचाराच्या किमतीत धरावं लागतं, हे शहरात बसून लक्षात येत नाही.

जगात सगळीकडे असंच आहे का? नाही. जर्मनीत १९६७ पासून बोलण्याच्या उपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्य विम्यातून मिळतो. ऑस्ट्रेलियात २००६ सालच्या नोव्हेंबरपासून फॅमिली डॉक्टरने योजना लिहून दिली की वर्षातल्या ठरावीक बैठकींच्या फीचा काही भाग सरकार परत करतं. मेलबर्न-सिडनीच्या मराठी कुटुंबांना ही गोष्ट आता अंगवळणी पडली आहे. इंग्लंडने २००८ पासून हजारो नवे उपचारक तयार करून ही सेवा मोफत दिली. रुग्ण तिथे स्वतःहून नाव नोंदवू शकतो. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. माणूस कामावर परतला की खर्च भरून निघतो.

आपण गरीब देश, आपल्याला कसं परवडणार, असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर पुन्हा आपल्याच गोव्यात आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या आल्तिनोवरच्या मनोरुग्ण इस्पितळाला आबे फारियांचंच नाव होतं. त्याचंच १९८० साली मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत रूपांतर झालं, तीच आजची बांबोळीची संस्था. पण खुर्ची गावात नेण्याचं काम केलं ते १९९६ साली इथे सुरू झालेल्या ‘संगाथ’ने. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं की, बोलण्याच्या उपचाराला दरवेळी मोठी पदवी लागते का? गावातल्याच माणसांना नीट शिकवून, देखरेख ठेवून, आरोग्य केंद्रात बसवलं तर? ‘मानस’ नावाच्या त्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०१७ साली आणखी एक अभ्यास आला. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्यांशी अशा समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका केल्या. त्यांना नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक बरं वाटलं, आणि खर्चाच्या मानानेही तो सौदा फायद्याचा ठरला. आज जगभर या गोव्याच्या प्रयोगाचा दाखला देतात. आपल्यालाच तो कमी माहीत.

दुसरं उदाहरण तर थेट सयाजीरावांच्या वाटेवरचं आहे. नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम सुरू केला. गावातले स्वयंसेवक शेजाऱ्यापाजाऱ्यांचं दुःख ओळखतात, चार-सहा वेळा बसून बोलतात, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोचवतात आणि त्याला मिळू शकणाऱ्या सरकारी योजनांचे अर्जही भरून देतात. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. पेन्शन अडली आहे म्हणून ज्याची झोप उडाली त्याला आधी पेन्शनच मिळवून द्यायला हवी. २०१७ पासून हा उपक्रम मेहसाणा जिल्ह्यात गेला आणि सहाशेहून अधिक गावांत पोचला. नाशिकहून निघून गायकवाडांच्या जुन्या मुलखात. याच जिल्ह्यात उनावाच्या दर्ग्यात २००८ च्या सुमारास ‘दवा आणि दुआ’ असा दुसरा एक उपक्रम सुरू झाला. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले, त्यानंतर दर्गे बंदच करा अशी ओरड झाली होती. इथे मात्र दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना सोबत घेऊन आवारातच डॉक्टर बसवला. दुआ घ्या, दवाही घ्या.

बडोद्यात १८८९ साली, सहकाराचा कायदा व्हायच्या पंधरा वर्षं आधी, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि त्यांच्या मराठी मित्रांनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ काढली होती. सावकाराच्या दारात जायला नको म्हणून दरमहा थोडे थोडे पैसे एकत्र टाकायचे आणि गरजेला एकमेकांना द्यायचे. आपल्या पतसंस्था, देवस्थानांचे महाजन, मराठी संस्था आजही मोतीबिंदूच्या शिबिराला, हृदयाच्या शस्त्रक्रियेला मदत करतात. त्यांच्या मदतीच्या यादीत मानसशास्त्रज्ञाच्या सहा बैठका का असू नयेत? दहा हजारांच्या आतला खर्च. त्यात एखादं पोर खोलीबाहेर येतं.

तोवर ज्यांना आज गरज आहे त्यांच्यासाठी. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, अनेक भारतीय भाषांत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि जिल्हा इस्पितळात मनोविकार विभाग असतो. तिथे मानसशास्त्रज्ञ कुठल्या वारी बसतात ते आधी विचारून घ्या. खाजगीत जाणार असाल तर फी, बैठका साधारण किती लागतील आणि सवलत मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारा. अनेक जण देतात, विचारणारेच कमी असतात. विमा घेताना बाह्यरुग्ण खर्चाचं कलम वाचा. आणि घरात हिशेबाची वही असेल तर ती पोरांच्या नजरेआड ठेवा.

असो. कारकुनाने लिहिलेला इतिहास हिशेबावरच संपायचा. महाराजांची झोप परत यावी म्हणून तिजोरी उघडली गेली त्याला आता १३५ हून अधिक वर्षं झाली. खाटेचं शीर्ष अंदाजपत्रकात जुनं आहे, खुर्चीचं अजून उघडायचं आहे. आपल्या भागात, आपल्या पंचायतीच्या आरोग्य केंद्रात अशी खुर्ची असेल तर जरूर कळवा, आणि नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विचारा.